जुन्या बियांची उगवणशक्ती घरी कशी तपासावी

परसबाग करणाऱ्या बहुतेक घरांत एक डबा असतो. त्यात मागच्या हंगामातल्या अर्ध्या पुड्या, गावाहून आलेलं वालाचं बी, कुणी दिलेल्या दुधीच्या चार बिया असं काय काय पडलेलं असतं. मे सरत आला की यातलं काय पेरायचं आणि काय टाकायचं हा प्रश्न येतो. उत्तर एक-दोन आठवड्यांत, ओल्या कागदावर मिळतं. पण ही चाचणी करणारे बरेच जण मोड आलेल्या बिया मोजतात आणि तिथेच थांबतात. जुन्या बियांच्या बाबतीत एवढ्याने फसगत होते. मोड कितव्या दिवशी आला आणि त्याचं पुढे धड रोप झालं का, हे टक्क्यांपेक्षा जास्त सांगतं.

आधी पाकीट वाचा

विकतच्या पाकिटावर चाचणीची तारीख, किमान उगवणशक्ती आणि वैधता छापलेली असते. प्रमाणित बियाण्याची वैधता चाचणीच्या तारखेपासून 9 महिने असते, आणि फेरतपासणीत बी उत्तीर्ण झालं तर ती 6 महिन्यांनी वाढवता येते. ती तारीख उलटली म्हणजे बी मेलं असं नाही. विक्रेता त्यापुढे ते विकू शकत नाही, इतकाच तिचा अर्थ.

किमान उगवणशक्तीचा आकडा मात्र नीट पाहा. टोमॅटो, वांगी, कांदा, मेथी, गवार यांच्यासाठी 70 टक्के, भेंडी आणि कोथिंबिरीसाठी 65, मिरची, पालक आणि काकडी, दुधी, कारली यांसारख्या वेलभाज्यांसाठी 60 टक्के हे प्रमाणीकरणाचे किमान आकडे आहेत. म्हणजे तुमच्या मिरचीच्या 20 बियांतल्या 12 उगवल्या तर हळहळायचं कारण नाही. विकत घेतलेल्या नव्या मिरचीलाही किमान तेवढ्याच उगवणीची अट असते. तुलना शंभराशी करू नका, त्या पिकाच्या आकड्याशी करा.

किती जुनं बी तपासण्याच्या लायकीचं, याचाही ढोबळ अंदाज असू द्या. कांद्याचं बी सगळ्यांत लवकर संपतं. एक वर्ष ठीक, दुसरा पावसाळा पाहिलेलं कांद्याचं बी बहुतेक वेळा वाया गेलेलं असतं. भेंडी आणि मिरची दोन वर्षं, कोथिंबीर आणि गाजर दोन-तीन, वाल, चवळी, घेवडा साधारण तीन, वांगी, टोमॅटो, मुळा, कोबी चार, आणि काकडी, दुधी, भोपळा चार-पाच वर्षं टिकतात. हे सगळं कोरड्या, थंड जागी ठेवलेल्या बियांचं. कागदी पुडीत, कोकणातल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत राहिलेल्या बियांचं आयुष्य याच्या निम्मंसुद्धा धरू नका.

किती बिया लावायच्या

घरगुती चाचणीत सगळे 10 बिया घेतात. मोजायला सोपं, पण आकडा फार ढोबळ येतो. 10 पैकी 7 उगवल्या तर त्या पुडीची खरी उगवण 35 ते 93 टक्के यांत कुठेही असू शकते. 50 पैकी 35 उगवल्या तर 55 ते 82, आणि 100 पैकी 70 उगवल्या तर 60 ते 79. पुडीत मेथी, पालक, मुळा असं मुबलक बी असेल तर 50 घ्या. टोमॅटो, वांगी, मिरचीच्या 20 पुरतात. 10 पैकी एकही न उगवणं हा मात्र बऱ्यापैकी स्पष्ट निकाल असतो. तरीही त्या पुडीत पाव हिस्सा बी जिवंत असण्याची शक्यता उरतेच.

गावठी वाणाच्या मोजक्या दहा-बारा बियाच शिल्लक असतील तर त्या चाचणीत खर्च करू नका. सरळ सगळ्या ट्रेमध्ये लावा, जी येतील ती रोपं तुमची.

बिया निवडून घेऊ नका. हात आपोआप टपोऱ्या बियांकडे जातो आणि निकाल फुगतो. पुडी ताटात ओता, हाताने मिसळा, पट्टीने ढिगाचे चार भाग करा आणि एका भागातल्या सलग बिया मोजून घ्या. किडकं, फुटकं बी पेरताना तुम्ही काढूनच टाकणार असाल तर इथेही काढा. पेरणार असाल तर ठेवा.

कागद, पाणी, ऊब

साहित्यात जाडसर किचन टॉवेल, झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा किंवा झिपची पिशवी, आणि कायमच्या शाईचं पेन एवढंच. टिश्यू पेपर फार पातळ, चौथ्या दिवशी मुळं त्यात घुसतात आणि उचलताना तुटतात. वर्तमानपत्र सोयाबीनसारख्या चार-पाच दिवसांच्या चाचणीला चालतं. मिरचीच्या दोन आठवड्यांत ते लगदा होतं.

कोरड्या टॉवेलवर आधी पिकाचं नाव आणि तारीख लिहा, मग तो दुहेरी करून भिजवा आणि उचलून धरा. पाणी ठिबकायचं थांबलं की हलक्या हाताने दाबा. ओल बरोबर आहे का हे बोटाने कळतं. कागदावर बोट दाबलं आणि बोटाभोवती पाण्याचं कडं जमलं तर पाणी जास्त आहे, आणखी पिळा. या चाचणीत बिया वाया जातात त्या बहुधा कमी पाण्याने नव्हे, जास्त पाण्याने. भिजलेल्या बीला श्वासाला हवा लागते. पाण्याचा थर बसला की हवा बंद होते, बी कुजतं, आणि दोष म्हातारपणाला दिला जातो.

बिया अर्ध्या कागदावर ओळीत मांडा, दोन बियांमध्ये बीच्या तिप्पट-चौपट अंतर ठेवा, उरलेला कागद वर दुमडा आणि सैल गुंडाळी करून डब्यात उभी ठेवा. मुळं खाली जातात, कोंब वर येतो, रोप सरळ वाढतं आणि मोजायला सोपं जातं. झाकण सैल ठेवा. पिशवी असेल तर ती फुगवून बंद करा आणि रोज एकदा उघडा. कागद कोरडा वाटला तर स्प्रेने शिंपडा, ओतू नका.

दुधी, भोपळा, कारलं, दोडका, वाल या मोठ्या बियांना कागदापेक्षा ओलसर वाळू किंवा कोकोपीट बरं. वेलभाज्यांच्या बियांना जास्तीचं पाणी अजिबात सोसत नाही. धुतलेली वाळू मुठीत दाबली की गोळा व्हावा पण बोटांतून पाणी येऊ नये, एवढी ओल ठेवून बिया 2 सेंटिमीटर खोल लावा.

तापमान 25 ते 30 अंश हवं. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात रात्री पारा 10-12 वर येतो. तिथे भेंडी आणि काकडी कागदावर आठवडाभर नुसत्या बसून राहतात. डबा फ्रिजच्या माथ्यावर किंवा वायफायच्या राउटरजवळ ठेवा. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात उलटी अडचण. खोलीतच 38-40 अंश असतात, आणि टोमॅटो, कांदा, कोथिंबीर एवढ्या उष्णतेत रुसतात. डबा पाण्याच्या माठाशेजारी फरशीवर ठेवा. कांदा, गाजर आणि कोथिंबिरीला 20 अंशांच्या आसपास जास्त मानवतं, त्यामुळे त्यांची चाचणी पावसाळा सरताना किंवा हिवाळ्यात केलेली बरी.

एक युक्ती फार कमी जण वापरतात: त्याच डब्यात स्वयंपाकघरातले 10 मूग वेगळ्या कागदावर ठेवा. मुगाला दोन-तीन दिवसांत मोड आले आणि तुमच्या बियांना मुदत संपेपर्यंत आले नाहीत, तर दोष बियांचा. मूगही उगवला नाही, तर ओल किंवा ऊब चुकली आहे. चाचणी पुन्हा करा, पुडी फेकू नका.

काही बियांची आधीची तयारी

पालकाचं जे आपण एक बी म्हणतो ती खरं तर गाठ असते, तीत दोन-तीन बिया असतात आणि वरच्या सालीत उगवण रोखणारी द्रव्यं असतात. गाळणीत घेऊन दोन तास वाहत्या पाण्याच्या बारीक धारेखाली धरा. तेवढं पाणी नसेल तर भांड्यात भिजवून तीन-चार वेळा पाणी बदला. एका गाठीतून तीन कोंब आले तरी मोजताना ते एकच. धने दोन दाण्यांचं जोडफळ. तळव्यांत चोळून दुभंगवा, कुटू नका. कारल्याचं, दोडक्याचं कवच जाड असतं. नेलकटरने कडेला किंचित चीर द्या, टोकदार बाजूला हात लावू नका, मूळ तिथूनच निघतं.

वाल, चवळी, घेवडा यांची जुनी बी मात्र पाण्यात बुडवून ठेवू नका. फार कोरड्या, जुन्या द्विदल बीत पाणी एकदम शिरलं तर पेशींचे पडदे फाटतात आणि जिवंत बीसुद्धा मरतं. आधी एक दिवस ओल्या कागदात ठेवून तिला हळूहळू ओल पिऊ द्या.

गुलाबी, निळ्या, हिरव्या रंगाचं बी औषध लावलेलं असतं, थायरम, कॅप्टन ही बुरशीनाशकं किंवा इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक. हातमोजे घाला, जेवणाची भांडी वापरू नका, आणि चाचणी झाल्यावरचे मोड कोंबड्यांपुढे टाकू नका. अशा बियांवर बुरशी कमी येते, त्यामुळे त्यांची कागदावरची उगवण घरच्या बियांशी सरळ ताडू नये.

दोनदा मोजा

पहिली मोजणी बी किती जोमाचं आहे ते सांगते, शेवटची किती जिवंत आहे ते. दोन्हींचे दिवस साधारण असे:

काकडी, भोपळा: चौथा आणि आठवा
चवळी: पाचवा आणि आठवा
मुळा: चौथा आणि दहावा
वाल: चौथा आणि दहावा
कोबी: पाचवा आणि दहावा
कांदा: सहावा आणि बारावा
टोमॅटो, मेथी, गवार: पाचवा आणि चौदावा
दुधी, कारलं, दोडका, पालक: चौथा आणि चौदावा
वांगी, मिरची: सातवा आणि चौदावा
भेंडी: चौथा आणि एकविसावा
कोथिंबीर: सातवा आणि एकविसावा

भेंडीला एकवीस दिवस पाहून चकित होऊ नका. ताजी भेंडी पाच-सहा दिवसांत उरकते. एवढी मुदत कठीण कवचाच्या बियांसाठी आहे.

मोजताना एक नियम पाळा: मूळ बाहेर दिसलं म्हणजे बी उगवलं, असं धरायचं नाही. मटकीला मोड आले की आपलं काम झालं. इथे मात्र मोडाचं रोप व्हायला हवं. पांढरं, लांब, टोकापर्यंत शाबूत मूळ, सरळ दांडी आणि उघडणारी बीजदलं (बीतून निघणारी पहिली जाड पानं) असतील तरच एक मोजा. जुन्या बियांत हमखास दिसणारे प्रकार असे: मूळ अर्धा सेंटिमीटर वाढून टोक तपकिरी पडतं आणि तिथेच थांबतं. कधी दांडी फुगून आखूड राहते. कधी बीजदलं हिरवी होतात, पण खाली मूळच नसतं. वाल-घेवड्यात बीजदलं गळून नुसती बोडकी दांडी उरते. यांतलं एकही मातीतून वर येत नाही. आलंच तर महिनाभर खुजं राहून मरतं. यांना वेगळं मोजा आणि उगवणीतून वगळा.

आता दोन मोजण्या शेजारी ठेवा. समजा काकडीच्या 20 बियांपैकी चौथ्या दिवशी 3 आणि आठव्या दिवशी 15 उगवल्या. कागदावर 75 टक्के, किमान आकड्याच्या बरंच वर. तरी हे बी थकलेलं आहे. ताज्या बियांतल्या बहुतेक चौथ्याच दिवशी मोजल्या गेल्या असत्या. कागदावर त्याला ऊब, ओल, निवांतपणा सगळं मिळालं. वाफ्यात माती दबते, पाऊस बसतो, मुंग्या येतात, आणि जितके जास्त दिवस बी मातीत पडून राहील तितकी बुरशीला संधी. अशा बियांची मातीतली उगवण निम्म्यावर येईल असं धरून चाला. उलट 20 पैकी 12 च उगवल्या पण त्या सगळ्या चौथ्या-पाचव्या दिवशी जोमाने आल्या, तर ते बी बिनधास्त पेरा.

न उगवलेल्या बिया दाबून पाहा

मुदत संपल्यावर उरलेल्या बिया टाकून देऊ नका, चिमटीत दाबा. तीनच प्रकार निघतात. मऊ, दाबताच करडा किंवा पिवळट लगदा बाहेर येतो, वासही येतो: मेलेली. भिजून फुगलेली, पण घट्ट आणि आत पांढरीशुभ्र: जिवंत, सुप्तावस्थेत. पाणीच न प्यायलेली, खड्यासारखी टणक: कठीण कवचाची, तीही बहुधा जिवंत.

टणक बिया भेंडी, गवार, गोकर्ण यांत जास्त दिसतात. पॉलिश पेपरवर दोन-चारदा घासून पुन्हा ओल्या कागदात ठेवा, चार दिवसांत कळतं. फुगून घट्ट राहिलेल्या बिया सहसा जुन्या नसतातच, अगदी ताज्या असतात. नुकतंच काढलेलं वांग्याचं बी किंवा पसऱ्या जातीच्या भुईमुगाचे दाणे काढणीनंतर काही आठवडे उगवतच नाहीत. यंदाचं बी नापास झालं आणि दाबून पाहिल्यावर घट्ट लागलं, तर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासा.

बुरशी आली म्हणून घाबरून सगळी गुंडाळी फेकू नका. बुरशी आधी मेलेल्या बीवर बसते, मग शेजारच्यांवर पसरते. बुरसटलेलं बी चिमट्याने काढून मेलेल्यांत मोजा आणि बाकीच्या नव्या कागदावर हलवा. बुरशी वारंवार येत असेल तर पुढच्या खेपेला बिया आधी ब्लीचच्या पाण्यात (साध्या घरगुती ब्लीचचा एक भाग, पाण्याचे चार भाग) पाच मिनिटं बुडवून तीन पाण्यांनी धुवा.

पाण्यावर तरंगलं ते बी वाईट, ही समजूत मात्र सोडून द्या. तरंगणं पोचट दाणा ओळखायला उपयोगी. भाताचं बियाणं 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाकतात आणि तरंगणारा दाणा काढतात तो त्यासाठीच. पण चार वर्षांचं मेलेलं, भरीव बी तळाशी जातं, आणि दुधी-भोपळ्याचं ताजं बीसुद्धा कवचात अडकलेल्या हवेने तरंगतं. जिवंत-मेलेलं यातून कळत नाही.

निकालाचं काय करायचं

किमान आकड्याच्या वर आणि वेळेवर उगवलं असेल तर नेहमीसारखं पेरा. त्याखाली, पण 40 टक्क्यांच्या वर असेल तर बी वाढवा. हिशेब सोपा आहे: नेहमीचं प्रमाण गुणिले किमान आकडा, भागिले तुमचा आकडा. एका वाफ्याला 20 ग्रॅम मेथी टाकत असाल आणि उगवण 50 टक्के आली, तर 20 × 70 ÷ 50, म्हणजे 28 ग्रॅम. सोयाबीनचं घरचं बियाणं राखणारे शेतकरी हाच हिशेब लावतात. 100 दाण्यांच्या, दहा-दहाच्या ओळी ओल्या गोणपाटात गुंडाळून सहा-सात दिवसांनी मोजायच्या. 62 निघाले तर एकरी 30 किलोऐवजी जवळपास 34 किलो. सोयाबीनचं कवच नाजूक असतं, मळणी यंत्राच्या मारानेही त्याची उगवण पडते, त्यामुळे तिथे ही चाचणी दरवर्षीच करावी लागते.

आळ्यात किंवा कुंडीत लावताना टक्क्यांऐवजी आळ्यामागे बिया मोजा. 50 टक्के उगवणीच्या दोन बिया लावल्या तर किमान एक रोप येण्याची शक्यता 75 टक्के, तीन लावल्या तर 88, चार लावल्या तर 94. उगवण 30 टक्क्यांवर आली की चार बिया लावूनही चारातलं एक आळं रिकामं राहतं, आणि नांग्या (न उगवलेल्या जागा) भरण्यात हंगाम मागे पडतो. तिथे बी वाढवत बसण्यापेक्षा दुसरी वाट धरा: सगळ्या बिया ओल्या कागदात उगवून घ्या आणि मूळ 3 ते 5 मिलिमीटर असताना फक्त जिवंत बी चिमट्याने उचलून पिशवीत लावा, मूळ खाली करून. मूळ याहून लांबलं की उचलताना टोक मोडतं. वेलभाज्या, भेंडी, मिरची, वांगी यांना हे जमतं. मुळा-गाजराला नाही, कारण टोक जरा दुखावलं तरी कंद दुभंगतो.

40 च्या खालची मेथी, पालक, कोथिंबीर, आणि 50 च्या खालचा कांदा सरळ कंपोस्टमध्ये टाका (औषध लावलेलं बी सोडून). दाट पेरून आकडा जुळतो, पण रोपं मागेपुढे येतात आणि काढणी एका वेळी होत नाही. वीस-तीस रुपयांच्या पुडीसाठी वाफा अडकवण्यात अर्थ नाही.

उरलेलं बी ठेवताना

चाचणीची तारीख आणि दोन्ही मोजण्या पुडीवर लिहा. पुढच्या हंगामात पुन्हा तपासा, कारण उगवणशक्ती दरवर्षी सारखी उतरत नाही. बरीच वर्षं वरच टिकते आणि मग एका-दोन हंगामांत धाडकन कोसळते. गेल्या वर्षीच्या 85 वर यंदा विसंबता येत नाही, विशेषतः पहिली मोजणी कमी आली असेल तर.

बीतला ओलावा एक टक्क्याने उतरला की तिचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. यांतलं ओलाव्याचं काम आधी करा. ओलसर बी फ्रिजमध्ये ठेवण्यात काही हशील नाही. दुधी-भोपळ्याचं बी वाकवल्यावर न वाकता कटकन मोडलं, वालाचं बी दाताखाली दबलं नाही, की ते पुरेसं वाळलं. कडक उन्हात वाळवू नका, सावलीत वाऱ्यावर वाळवा. मग काचेच्या बरणीत, बियांच्या वजनाइतकी सिलिका जेलची पुडी घालून आठवडाभर ठेवा, जेल काढा, रबरी वायसरचं झाकण घट्ट लावा आणि बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. पेरणीला बाहेर काढाल तेव्हा लगेच उघडू नका. चार-पाच तास बाहेर राहून ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर जूनच्या दमट हवेतलं पाणी थंड बियांवर जमतं आणि उरलेलं बी पुढच्या चाचणीपर्यंत टिकत नाही.